राक्षस रोजचेच असतील, तर सॅनिटी कशाने घटावी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या बहुतेक गटांत कधी ना कधी एक सूचना पुढे येते. मोहीम पाचव्या-सहाव्या लेव्हलला पोचलेली असते, पात्रे कशालाच घाबरेनाशी झालेली असतात, आणि कोणीतरी म्हणते, ‘कॉल ऑफ क्थुलूमधले सॅनिटीचे नियम इकडे लावू या.’ हेतू चांगला असतो. नियम लावले जातात, दोन-तीन बैठका गंमत वाटते, आणि मग कोणी काही न बोलता ते सोडून दिले जातात. असे का होते, हे या टिपणात तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. सॅनिटीचा नियम मुळात राक्षसांविषयीचा नियम नाही. जग कसे चालते याविषयी पात्राची जी समजूत असते, तिला जाणाऱ्या तड्यांचा तो हिशेब आहे. कल्पनारम्य जगात राक्षस त्या समजुतीतच बसलेले असतात. म्हणून नुसती राक्षसांची यादी उचलून आणली तर हिशेब चुकतो. तडा कुठे जातो ते त्या जगात नव्याने शोधावे लागते.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात चार-पाच जण एका टेबलाभोवती बसून मिळून गोष्ट रचतात. प्रत्येकाचे एक पात्र असते. एक जण मात्र जग, इतर माणसे आणि संकटे सांभाळतो. त्याला डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये डंजन मास्टर म्हणतात, कॉल ऑफ क्थुलूमध्ये कीपर. आपण सूत्रधार म्हणू. जे निश्चित नाही ते फासे ठरवतात. ‘१डी६’ म्हणजे सहा बाजूंचा एक फासा, ‘१डी१००’ म्हणजे १ ते १०० पैकी एक आकडा. पुढचे समजायला एवढे पुरे.

कॉल ऑफ क्थुलू १९८१ मध्ये केऑसियम या अमेरिकन कंपनीने काढला. रचनाकार सँडी पीटरसन. एच. पी. लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांवर तो बेतलेला आहे. या कथांतली माणसे प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर, ग्रंथपाल अशी साधी असतात, आणि त्यांच्या जगात भुते-राक्षस नसतात. असे त्यांना वाटत असते, आणि तिथेच गोष्ट सुरू होते. खेळात प्रत्येक पात्राला ० ते ९९ च्या पट्टीवर एक सॅनिटीचा आकडा मिळतो. भयंकर काही दिसले की १डी१०० टाकायचा. आलेला आकडा सॅनिटीएवढा किंवा त्याहून कमी असेल तर पात्र सावरले, जास्त असेल तर नाही. दोन्ही वेळचे नुकसान एका तिरप्या रेघेने लिहितात. घूल नावाच्या प्रेतभक्षक प्राण्यासाठी ०/१डी६, म्हणजे सावरलात तर काही नाही, नाहीतर १ ते ६ गुण गेले. स्वतः क्थुलूसाठी १डी१०/१डी१००. तिथे सावरणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, आणि न सावरणारा एका फटक्यात शून्यावर जाऊ शकतो. शून्यावर गेलेले पात्र खेळाडूच्या हातून सुटते.

पण या नियमाचे मर्म आकड्यांच्या यादीत नाही. ते दोन छोट्या तरतुदींत आहे, आणि नियम उचलणारे नेमक्या त्याच तरतुदी मागे सोडून येतात. पहिली: एका फटक्यात पाच किंवा अधिक गुण गेले तर बुद्धीची चाचणी घ्यायची. ही चाचणी जो पास होतो त्याच्यावर वेडाचा झटका येतो. जो नापास होतो त्याचे मन ती गोष्ट दडपून टाकते आणि तो वाचतो. खेळांच्या नियमांत असा उलटा फासा दुर्मीळ. इथे समजणे हीच इजा आहे. दुसरी: क्थुलू मिथॉस नावाचे एक ज्ञान-कौशल्य आहे, आणि सॅनिटीची कमाल मर्यादा ९९ वजा ते कौशल्य एवढी असते. निषिद्ध ग्रंथ वाचून तुम्ही शहाणे झालात की तुमचे छत कायमचे खाली येते. राक्षसाला हरवून काही गुण परत मिळतात, उपचारानेही मिळतात, पण त्या छताच्या वर नाही.

आता हीच पट्टी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मोहिमेला लावली तर काय होईल याचे गणित करू. वही घ्या, अवघड नाही. समजा पात्राची सॅनिटी ६० आहे आणि प्रत्येक भेट घूलइतकीच सौम्य, ०/१डी६ ची आहे. न सावरण्याची शक्यता ०.४०, १डी६ ची सरासरी ३.५. म्हणजे एका भेटीत सरासरी १.४ गुण जातात. सॅनिटी ३० वर आली की न सावरण्याची शक्यता ०.७० होते आणि तीच भेट २.४५ गुण घेते. म्हणजे घसरण स्वतःला वेग देते. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांना हा पॉझिटिव्ह फीडबॅक लगेच ओळखू येईल. शंभरापासूनची तूट धरली तर ती सरासरीने प्रत्येक भेटीत १.०३५ पट होत जाते. तूट ४० पासून १०० पर्यंत जायला सुमारे २७ भेटी लागतात. या २७ भेटींत पात्र साधारण १७ वेळा सावरत नाही, आणि त्यांतल्या सहाएक वेळा फटका पाच किंवा सहा गुणांचा असतो, म्हणजे झटक्याची वेळ येते.

कॉल ऑफ क्थुलूमध्ये २७ भेटी म्हणजे पुष्कळ मोठा पल्ला. तिथे बहुतेक वेळ कागदपत्रे चाळण्यात, साक्षीदारांशी बोलण्यात जातो आणि राक्षस मोजकेच दिसतात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडने मात्र साहसाच्या एका दिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ भेटी गृहीत धरल्या आहेत. भागाकार करा: पात्र साडेतीन ते साडेचार दिवसांत संपले. बैठकांचे दिवस नव्हेत, गोष्टीतले दिवस. कॉल ऑफ क्थुलूमध्ये एकाच जातीचा प्राणी पुन्हा पुन्हा पाहून होणाऱ्या नुकसानाला मर्यादा आहे खरी, पण कल्पनारम्य मोहिमेत दर दालनात नवा प्राणी असतो, आणि त्यातच अर्धी मौज असते. त्यामुळे ती मर्यादा इथे फारशी कामाला येत नाही.

मग सूत्रधार काय करतो? आकडे कमी करतो. ऑर्कसाठी काही नाही, ओगरसाठी काही नाही, झोंबीसाठी फक्त पहिल्यांदा. असे करत करत यादीत मोजून चार प्राणी उरतात आणि नियम निजून जातो. सूत्रधाराचा हात इथे बरोबर दिशेने चाललेला असतो, फक्त त्याला कारण सापडलेले नसते. कारण आपल्या ओळखीच्या एका कथेत उघड दिसते. महाभारतात भीम हिडिंबाला मारतो, बकासुराला मारतो, आणि कोणाच्याही मनावर ओरखडा उमटत नाही. हिडिंबाच्या बहिणीशी तर तो लग्न करतो. राक्षस सासरचे होतात. त्या जगात राक्षस धोकादायक आहेत, पण ते ‘असतात’ हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्याच जगात अर्जुनाच्या हातून धनुष्य गळते, ते समोर आजोबा आणि गुरू दिसल्यावर. दोन्ही सैन्यांत त्याहून भयंकर बरेच काही होते. तडा गेला तो ‘मी कोण आणि माझे कोण’ या समजुतीला. कल्पनारम्य मोहिमेसाठी सॅनिटीची यादी करायची तर ती इथून करायला हवी.

२०१४ च्या गाइडमधला सॅनिटीचा पर्यायी नियम या दृष्टीने वाचला की निराशा होते. तिथे सॅनिटी हा सामर्थ्य, चपळता यांच्यासारखा सातवा गुण म्हणून येतो. परक्या विश्वातला प्राणी प्रथम पाहिला, परक्या मनाशी थेट संपर्क आला, अनोळखी भौतिकी असलेल्या जागेतून गेलात, की सॅनिटीचा बचाव-फासा टाकायचा. प्रसंगांची ही निवड वाईट नाही. ‘परके’ हा शब्द तरी नेमका पकडला आहे. पण पुढे पाहा. निषिद्ध ग्रंथातून मंत्र शिकायचा असेल, भ्रमिष्टाने लिहिलेले काही लावायचे असेल, तर तिथेही सॅनिटीचीच चाचणी. म्हणजे ज्याची सॅनिटी जास्त, तो निषिद्ध ज्ञानात जास्त पारंगत! शिवाय लेव्हल वाढताना इतर गुणांसारखी सॅनिटीही वाढवता येते. कॉल ऑफ क्थुलूमध्ये ज्ञान छत खाली आणते. इथे छत उंच असणे हीच ज्ञानाची शिडी झाली. नाव तेच ठेवून अर्थ बरोबर उलटा केला आहे, आणि हे जाणूनबुजून केल्याचे मजकुरात कुठे दिसत नाही. २००४ च्या अनअर्थ्ड आर्काना या आधीच्या आवृत्तीतल्या पुस्तकाने निदान कॉल ऑफ क्थुलूची पट्टी इमानाने आणली होती. तिथे सुरुवातीची सॅनिटी विस्डम या गुणाच्या पाचपट असे.

याच गाइडमध्ये वेडाचे तीन तक्ते आहेत: काही मिनिटांचे, काही तासांचे आणि बरे होईपर्यंत टिकणारे. त्यांचा उपाय वाचा. कमी काळाचे आणि दीर्घ काळाचे, दोन्ही वेड लेसर रिस्टोरेशन या दुसऱ्या पातळीच्या मंत्राने जाते, आणि क्लेरिकला तो तिसऱ्याच लेव्हलला मिळतो. टिकणाऱ्या वेडासाठी ग्रेटर रिस्टोरेशन लागतो. त्याला शंभर सुवर्णमुद्रांचे हिऱ्याचे चूर्ण खर्ची पडते, आणि तो मिळेपर्यंत गट इतका श्रीमंत झालेला असतो की शंभर मुद्रा म्हणजे चिल्लर. आठ तासांच्या विश्रांतीने शरीराच्या जखमा पूर्ण भरतात, तशाच मनाच्याही जवळपास भरल्या. ज्या व्यवस्थेत सगळे काही सकाळपर्यंत दुरुस्त होते तिथे सॅनिटीचा आकडा कितीही हुशारीने बसवा, तो जखमांच्या आकड्याची दुसरी प्रत होऊन बसतो. नियम उचलताना फक्त ‘सॅनिटी कशाने जाते’ एवढेच पाहिले जाते. ‘परत कशाने येते’ हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

हा दुसरा प्रश्न ज्यांनी ओळखला त्यांत मला सर्वांत शिकण्यासारखे काम वाटते ते मिडल-अर्थच्या खेळांचे. टॉल्किनच्या जगावरचा द वन रिंग हा खेळ २०११ मध्ये आला. रचनाकार फ्रांचेस्को नेपिटेल्लो. त्यात सॅनिटी नाही, छाया आहे. २०१६ मध्ये क्युबिकल सेव्हन या प्रकाशकाने अॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ या नावाने तीच कल्पना डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या साच्यात आणली, म्हणून आपल्या विषयाला ती थेट लागू पडते. छाया कशाने चढते? दुःखद घटना सोसल्याने, उजाड आणि शापित प्रदेश ओलांडल्याने, स्वतः दुष्कृत्य केल्याने, आणि कलंकित संपत्ती जवळ ठेवल्याने. ऑर्क दिसला म्हणून नव्हे. छायेचे गुण विस्डमच्या आकड्याला भिडले की पात्र विषण्ण होते आणि मग कधीतरी त्याचा तोल जातो. तोल गेल्यावर जे दोष उगवतात ते पात्राच्या स्वभावातूनच येतात. द वन रिंगच्या २०११ च्या आवृत्तीत त्यांचे पाच मार्ग होते: सूडाचा शाप, सोन्याचा ड्रॅगनी हव्यास, सत्तेची ओढ, गुपितांची ओढ, भटकेपणाचे वेड. विद्वानाला गुपितांची ओढ लागते, नेतृत्व करणाऱ्याला सत्तेची. माणसाचा गुणच एक पाऊल पुढे जाऊन त्याचा दोष होतो, हे टॉल्किन वाचलेल्याला लगेच पटते, बोरोमीर आठवा.

आणि विश्रांती? अॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थमध्ये प्रवासात असताना सहसा दीर्घ विश्रांती मिळतच नाही. ती सुरक्षित आश्रयाला पोचल्यावर मिळते. छाया उतरवायची तर दोन मोहिमांच्या मधला काळ घालवावा लागतो. एवढ्या एका बदलाने सगळे अंकगणित बदलते: सहा-आठ भेटी एका दिवसाऐवजी एका प्रवासात पसरतात. तुम्ही आपल्या मोहिमेत यातली एकच गोष्ट घ्यायची असे ठरवलेत, तर माझ्या मते विश्रांतीचा नियम घ्या, छायेचा नंतर.

या खेळावर आक्षेप नाहीत असे नाही. छायेचा हिशेब चालतो तो चांगले-वाईट ठरलेले असलेल्या विश्वात. तुमच्या मोहिमेत चोरांची टोळी विरुद्ध भ्रष्ट राजा असेल, तर ‘दुष्कृत्य’ कोणते हे सूत्रधाराला दर बैठकीला ठरवावे लागेल आणि टेबलावर न्यायालय भरेल. कैद्याला मारले ते बरोबर की चूक यावर अर्धा तास वाद घालणारे गट मी पाहिले आहेत. त्यावर उपाय असा, की दुष्कृत्याची यादी सूत्रधाराने करायचीच नाही. प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्रासाठी, मोहीम सुरू होण्यापूर्वी, तीन ओळी लिहायच्या: हे पात्र काय कधीच करणार नाही, कोणाला कधीच सोडणार नाही, आणि कशावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. या तिन्हींपैकी एखाद्या ओळीला धक्का लागला की फासा टाकायचा, एरवी नाही. केनेथ हाइट यांच्या २००८ च्या ट्रेल ऑफ क्थुलूमध्ये याच्या जवळची कल्पना आहे. तिथे पात्राची सॅनिटी ज्या श्रद्धांवर उभी आहे त्या आधारस्तंभांसारख्या नोंदवून ठेवतात.

ट्रेल ऑफ क्थुलूचे आणखी एक देणे आहे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते दोन मिनिटांत समजावे. तिथे एका आकड्याचे दोन केले आहेत. स्टॅबिलिटी हा क्षणाचा धीर; तो खाली-वर होतो, आपल्या माणसांत राहिले की भरून येतो. सॅनिटी ही खोलवरची, आणि ती गेली की सहसा परत येत नाही. मटेरिअल्सच्या प्रयोगशाळेत पोलादाची सळई ताणून पाहिली असेल तर आलेख डोळ्यांसमोर आणा. यील्ड पॉइंटच्या आत ताण काढला की सळई मूळ लांबीवर येते. त्यापलीकडे गेली की वाढलेली लांबी तशीच राहते. कल्पनारम्य मोहिमेला असे दोन आकडे फार सोयीचे आहेत. ड्रॅगन समोर आला, अंधारात एकटे सापडलात, तर पहिला आकडा हलू द्या. लेसर रिस्टोरेशनने तो भरला तरी हरकत नाही. वर लिहिलेल्या तीन ओळींना धक्का लागला तरच दुसरा, आणि त्याला मंत्र लागू नाही. हे मोहिमेच्या पहिल्या दिवशीच सांगून टाका, म्हणजे क्लेरिक खेळणाऱ्याला नंतर फसवल्यासारखे वाटणार नाही.

तारेचे उदाहरण पुढेही चालते. लोखंडी तार वाकवून सरळ केली, पुन्हा वाकवली, की वाकलेल्या जागी ती कडक होत जाते आणि शेवटी तटकन तुटते. ग्रेग स्टोल्झी आणि जॉन टाइन्स यांच्या १९९८ च्या अननोन आर्मीजने हेच मनाला लावले. त्यात पाच पट्ट्या आहेत: हिंसा, अनैसर्गिक, असहायता, एकाकीपणा आणि स्वत्व. प्रसंगात सावरलात तर त्या पट्टीवर कडकपणाची खाच पडते आणि पुढच्या वेळी तेवढ्या प्रसंगाने तुम्ही हलत नाही. न सावरलात तर दुसऱ्या प्रकारची खाच पडते, आणि तेव्हा पळायचे, तुटून पडायचे की थिजायचे हे खेळाडूच निवडतो. पण कडकपणाच्या खाचा फार झाल्या तर पात्र कोडगे होते, त्याला काही वाटेनासे होते. माझ्या वाचनातला हा सर्वांत प्रामाणिक सॅनिटी-नियम. व्यवसायानेच तलवार चालवणाऱ्या पात्रांना तो चपखल बसतो: दहाव्या लेव्हलचा योद्धा हिंसेच्या पट्टीवर पुरता कडक असेल, पण एकाकीपणाच्या पट्टीवर कोरा. सूत्रधाराने त्याला कुठे गाठायचे ते कागदावरच दिसते. एक अडचण आहे: पाच पट्ट्या गुणिले पाच खेळाडू म्हणजे पंचवीस रांगा सांभाळाव्या लागतात, आणि लढाईत ते जड होते. दोन-तीन पट्ट्यांवर भागवा.

डार्केस्ट डंजन या २०१६ च्या व्हिडिओ गेमचे नाव या चर्चेत हमखास निघते, म्हणून एक सावधगिरी. त्यातला ताणाचा आकडा ० ते २०० जातो, शंभराला माणूस कोलमडतो किंवा क्वचित उजळून निघतो, आणि गावात परतल्यावर पैसे व वेळ खर्चून ताण उतरवता येतो. हे सुंदर चालते, कारण तिथे तुमच्या हाताशी बरीच माणसे असतात. एक उपचाराला गेला की दुसरा पाठवता येतो. टेबलावर प्रत्येकाचे एकच पात्र. ते आठवडाभर मठात बसले तर खेळाडूनेही बैठकीत नुसते बसायचे का?

आता ज्या मुद्द्यासाठी हे टिपण लिहावेसे वाटले त्याकडे येतो. २०१४ च्या तक्त्यांत काय येऊ शकते ते पाहा: पात्र ओरडत किंवा हसत सुटते, दिसेल त्याच्यावर हल्ला करते, माती-शेवाळ खाण्याची इच्छा होते. कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीतही भयगंड आणि उन्मादांच्या लांबलचक याद्या आहेत. अशा यादीवर फासा पडला की टेबलावर हशा पिकतो, हे तुम्हीही पाहिले असेल. त्या टेबलावर बसलेल्या पाच-सहा जणांत कोणी झोपेच्या गोळ्यांवर असेल, कोणाच्या घरी आजारी माणूस असेल, कोणी स्वतः समुपदेशकाकडे जात असेल आणि हॉस्टेलात कोणाला सांगितले नसेल. मी शिकवतो त्या वयाच्या मुलांत हे नवलाचे नाही. त्याच्यासमोर आजाराचे नाव फाशाने वाटले जाते, दुसरा खेळाडू ते नक्कल करून दाखवतो, आणि तो हसतो, कारण न हसणे जास्त उघडे पाडणारे असते. शिवाय हे वर्णन खोटेही असते. खरा आजार असा एका क्षणात लागत नाही आणि दहा मिनिटांनी उतरतही नाही. प्रकाशकांनाही हे जाणवले असावे. २०२१ च्या व्हॅन रिक्टन्स गाइड टू रेव्हनलॉफ्टमध्ये वेडाच्या तक्त्यांऐवजी भीती आणि ताण आले, आणि पात्राच्या भीतीची बीजे निवडण्यात खेळाडूला हात मिळाला.

मराठीत खेळणाऱ्यांना यातून सुटायचा एक मार्ग भाषेनेच दिला आहे. आपल्याकडे ‘वेड’ क्रिकेटचेही असते, त्यामुळे तो शब्द बाजूला ठेवू. पण मन हलल्याची किती क्रियापदे आहेत पाहा, आणि प्रत्येकाचा खेळात वेगळा परिणाम होऊ शकतो. हबकणे: एक फेरी हुकते. कच खाणे: ऐन वेळी पाऊल मागे येते, पुढाकार दुसऱ्याकडे जातो. धसका घेणे: त्याच एका गोष्टीसमोर पुन्हा पुन्हा उणे गुण. जिवाला घोर लागणे: विश्रांती लाभत नाही. खचणे: दुसऱ्याला मदत करता येत नाही, मदत घेता मात्र येते. मन उडणे: पात्राचे जे सर्वांत आवडते काम होते त्यातून फायदा मिळत नाही. झपाटणे: एका ध्येयासाठी अधिक गुण, बाकी सगळ्यासाठी उणे. कोडगे होणे तर वर आलेच. यातले एकही आजाराचे नाव नाही, प्रत्येक शब्द घरात वापरलेला आहे, आणि पात्र कसे वागवायचे हे खेळाडूला शब्द ऐकताच कळते. तुमच्या टेबलावर हिंदी, कन्नड किंवा बंगाली चालत असेल तर त्या भाषेतली क्रियापदे काढा. माझी भाषांतरित करू नका. कोणते क्रियापद लागू होते हे खेळाडूने निवडावे, सूत्रधाराने फक्त ते किती काळ टिकेल ते सांगावे. आणि टेबलावर एक एक्स-कार्ड असू द्या. ज्याला प्रसंग नको वाटेल त्याने त्याला हात लावायचा. कारण विचारायचे नाही, प्रसंग पुढे सरकवायचा.

दोन गोष्टी उरल्या. पहिली जादूगाराची. कॉल ऑफ क्थुलूमध्ये मंत्र म्हटला की सॅनिटी जाते. ते जसेच्या तसे आणले तर फायरबॉल टाकून पोट भरणारा विझार्ड तिसऱ्या बैठकीला निवृत्त होईल. त्याच्या जगात फायरबॉल हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्यामुळे त्याची किंमत घेण्याचे कारण नाही. किंमत घ्यायची ती अभ्यासक्रमाबाहेरच्या ज्ञानाची, आणि तीही छत खाली आणून. मोहिमेत असे ग्रंथ तीन-चारच ठेवा. प्रत्येकात गटाला खरोखर हवे असलेले उत्तर असू द्या, आणि वाचण्यापूर्वी किंमत उघड सांगा. वाचायचे की नाही यावर गटात जी चर्चा होईल ती कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त भीती आणेल.

दुसरी पुनरुज्जीवनाची. पाचव्या आवृत्तीतला रेज डेड हा मंत्र मेल्यापासून दहा दिवसांच्या आत, पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्चून माणसाला परत आणतो. परत आलेल्याला फाशांवर उणे चारची शिक्षा असते आणि ती दर दीर्घ विश्रांतीला एकेकाने कमी होते. चार विश्रांती झाल्या की पात्र पूर्ववत. शरीराचा हिशेब ठेवला आहे, मनाचा ठेवलेलाच नाही. मरून आलेल्या पात्राच्या त्या तीन ओळींपैकी तिसरी, विश्वासाची, काढून घ्या आणि खेळाडूला नवी लिहायला सांगा. ती लगेच लिहिता आली नाही तर मोकळी राहू द्या, आणि ती मोकळी असेपर्यंत स्टॅबिलिटी पूर्ण भरू देऊ नका. इतर पात्रे त्याला काय काय विचारतात, आणि तो कोणत्या प्रश्नाला उत्तर देत नाही, यात एक बैठक सहज निघून जाते.